घरात मार नाही

आमच्या घरी बॅकगॅमनला कुणी बॅकगॅमन म्हणत नाही. सासरे 'ताउला' म्हणतात, नवरा 'बाबांची पेटी' म्हणतो, आणि मी लग्न होऊन आले तेव्हा मला ती जुनी ब्रीफकेस वाटली होती. नायगावच्या बीडीडी चाळीत आमची एकच खोली. तिथे कपाटावर ती तपकिरी, कोपरे झिजलेली पेटी आडवी पडलेली असायची. उघडली की आत दोन्ही बाजूंना टोकदार पट्टे, लाल आणि काळे, आणि मधोमध बिजागरीची जाड पट्टी. सासरे मालवाहू जहाजावर खलाशी होते. कुठल्याशा अरबी बंदरात जहाज बराच काळ अडकून पडलं, तेव्हा एका इजिप्शियन सोबत्याने त्यांना खेळ शिकवला आणि जाताना पेटीही देऊन टाकली. मुंबईतल्या निवृत्त खलाशाकडे असावं तसं बाकी काहीच त्यांच्याकडे नाही. ना परदेशी घड्याळ, ना गप्पा.

माझं माहेर तिथून दोन चाळी पलीकडे. मधे एक मैदान. आमच्याकडे विहार, त्यांच्याकडे गणपती, आणि दोन्हीकडची पोरं क्रिकेट एकाच मैदानात खेळायची, तसे आम्ही दोघंही तिथेच एकमेकांना दिसलो. पुढचं सांगण्यासारखं नाही, सगळ्यांचं होतं तसंच झालं. माझ्या घरचे थोडे कुरकुरले आणि गप्प झाले. सासरे भांडले नाहीत, धमक्या दिल्या नाहीत. फक्त नेमकं लग्नाच्या आठवड्यात त्यांना कणकवलीच्या घराची कौलं परतायची आठवण झाली.

कौलं परतून आले, आणि त्या दिवसापासून मी केलेलं जेवले. हे मी मुद्दाम सांगते, कारण आमची गोष्ट ऐकताना लोकांना वेगळंच काहीतरी ऐकायचं असतं. माझ्या हातचा चहा प्यायले, माझ्या हातचं मटण दोनदा मागून घेतलं. मला त्यांनी हाक मात्र कधी मारली नाही.

मालवणी घरात हे किती जाणवतं ते बाहेरच्याला कळणार नाही. तिथे बाईमाणसाशी बोलताना वाक्याला एक 'गो' लागतोच. मुलीचा फोन आला की सासरे म्हणणार, "काय गो, जेवलंस?" शेजारच्या काकू दिसल्या की, "खंय गो चललंस?" आमच्या खोलीत एक मांजर यायची, तिलाही 'गो' होता. माझ्याशी बोलायची वेळ आली की ते भिंतीकडे बघून म्हणायचे, "पाणी इला." किंवा, "दार लावूक होया." पाणी आलं ते भरायचं मी, दार लावायचं मी, पण वाक्यात मी नाही.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणे, "अगं, ते कमीच बोलतात."

"मांजरीशी कमी बोलतात का?"

तो मोबाईल चाळायला लागला. मग मी माझं उत्तर तयार ठेवलं. चाळीचा पुनर्विकास सुरू झालाच होता, एकेक इमारत रिकामी होत होती. आमची पाळी आली की एक तर तिघांनी मिळून संक्रमण शिबिरातल्या खोलीत जायचं, नाही तर आम्ही दोघांनी वडाळ्याला भाड्याने राहायचं आणि सासऱ्यांनी मुलीकडे. मी नवऱ्याला स्वच्छ सांगितलं, ज्या माणसाने मला कधी हाक मारली नाही त्याच्याबरोबर मी आणखी एक घर लावणार नाही. पुढे वडाळ्याची एक खोली बघूनही ठेवली. नवऱ्याचा चेहरा उतरला, पण तो नाही म्हणाला नाही.

मी परळला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. सकाळची शिफ्ट असली की दुपारी घरी. त्या वेळी सासऱ्यांचा डाव रंगलेला असायचा, कॉमन गॅलरीच्या टोकाला, उलट्या घातलेल्या पिंपावर पेटी उघडून. जोडीदार एकच, पोलीस क्वार्टर्समधला रिटायर हवालदार. मोठ्या आवाजाचा माणूस, फासे टाकतानाही आरोपीला दम दिल्यासारखं बोलायचा. मग त्याची इमारत आधी रिकामी झाली आणि तो मुलाकडे राहायला गेला. दुसऱ्या दिवशीही सासऱ्यांनी पेटी उघडली. एकटेच दोन्ही बाजूंनी खेळायला लागले. लालकडून टाकायचे, उठायचे, पिंपाला वळसा घालून काळ्यांकडे येऊन बसायचे आणि तिथून टाकायचे. बघवत नव्हतं.

काही दिवस मी मेथी निवडत नुसती बघत बसले. बघून बघून कळायला लागलं. एक दिवस राहवलं नाही, बोलून गेले, "बाबा, काळ्यांची जोडी कशाला मोडली?"

त्यांनी पटाकडे पाहिलं, मग मेथीकडे. समोरचं स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं. 'बस' म्हणाले नाहीत.

खेळ तसा सोपा आहे. दोघांच्या पंधरा-पंधरा सोंगट्या. एकाच्या ज्या दिशेने जातात त्याच्या उलट दुसऱ्याच्या. दोन फासे टाकायचे आणि जेवढं पडेल तेवढे पट्टे पुढे जायचं. आपल्या कोपऱ्यातले शेवटचे सहा पट्टे म्हणजे आपलं घर. सगळ्या सोंगट्या घरात आणायच्या आणि मग एकेक करून पटाबाहेर काढायच्या. ज्याच्या आधी संपल्या तो जिंकला. एका पट्ट्यावर दोन सोंगट्या असल्या की ती जोडी, तिला कुणी हात लावू शकत नाही. एकटी असली की तिच्यावर समोरच्याची सोंगटी येऊन बसते आणि ती मरते. मेलेली मधल्या जाड पट्टीवर ठेवायची. त्या पट्टीला सासरे उंबरो म्हणतात. उंबऱ्यावरची सोंगटी समोरच्याच्या घरातून नव्याने आत यायला हवी, आणि ती येईपर्यंत आपल्याला दुसरं काही हलवता येत नाही. त्याच्या घरातला जो पट्टा मोकळा असेल तेवढंच दान पडायला हवं. नाही पडलं तर बसा हात चोळत.

एवढं सगळं त्यांनी मला बोलून शिकवलं नाही. ते बोटाने दाखवायचे. चुकीची चाल केली की माझी सोंगटी उचलून परत जागेवर ठेवायचे. दानांची नावं मात्र मोठ्याने घ्यायचे, जहाजावरची, अर्धी फारसी अर्धी तुर्की. पाचाला पंज, सहाला शेश, सहा-पाच पडले तर शेशबेश. हळूहळू मीही तशीच नावं घ्यायला लागले.

नियम म्हणून त्यांनी एकच गोष्ट तोंडाने सांगितली. पहिल्याच दुपारी. त्यांच्या कोपऱ्यातल्या सहा पट्ट्यांवरून बोट फिरवलं, माझ्या सहांवरून फिरवलं आणि पटाला उद्देशून म्हणाले, "घरात मारूचा नाय."

म्हणजे मी त्यांच्या घरात शिरून त्यांची एकटी मारायची नाही, त्यांनी माझ्या घरात माझी मारायची नाही. बाहेर काय वाटेल ते करा. मला तो नियम आवडला. घर म्हणजे घर.

आता इथे मला माझ्याबद्दल एक सांगायला हवं. आमच्या माहेरी नियम मोडल्याच्या गोष्टी अभिमानाने सांगतात. आजोबांनी गावात कुठल्या रस्त्याने चालून दाखवलं, आजीने कुठल्या विहिरीवर घागर बुडवली, हे ऐकत मी मोठी झाले. मीही काही गरीब गाय नाही, लॅबमध्ये डॉक्टरांना सुनावते. पण त्या एका खोलीत मी नियम पाळायचे असं ठरवून आले होते. देवाची भांडी कशी ठेवायची, सोमवारी काय शिजत नाही, बांगडा कुठल्या पातेल्यात करायचा, सगळं एकदा बघितलं आणि दुसऱ्यांदा चुकले नाही. कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नव्हती. त्यात हा एक आणखी.

तसं वर्ष-दीड वर्ष गेलं. दुपारी आम्ही खेळायचो आणि बोलायचो नाही. मी चांगलं खेळायला लागले, निम्मे डाव जिंकायला लागले. माझ्या घरात मी सोंगट्या कशाही पसरून ठेवायचे, एकट्या-दुकट्या, कारण तिथे भीतीच नव्हती. ते बघायचे. कधी त्यांच्या हातात नेमकं दान असायचं, माझी एकटी समोर उघडी असायची, आणि ते सोंगटी उचलून दुसरीकडेच न्यायचे. मीही त्यांच्या घरातल्या एकट्यांना कधी हात लावला नाही. माझी सोंगटी उंबऱ्यावर असली आणि आत यायला त्यांची एकटी असलेला तेवढाच पट्टा उरला असला, तर मी पाळी सोडून द्यायचे. सासरे गॅलरीतल्या कुंड्यांकडे बघायचे.

मग मी मोबाईलवर खेळ डाउनलोड केला. लॅबमध्ये मशीन चालू असताना दोन-चार मिनिटं मिळतात, त्यात खेळायचा. पहिल्याच डावात घरात एकटी ठेवली आणि मोबाईलने फटकन मारली. मी म्हटलं, ॲपमध्ये गडबड आहे. दुसरं घेतलं, तिथेही तेच. दोन्ही ॲपना मी एक-एक तारा दिला आणि खाली लिहिलं की नियम चुकीचे आहेत, घरात मार नसतो. माझ्या शेजारी बसणारी टेक्निशियन म्हणाली, "अगं, सगळ्या जगाचं चुकतंय आणि तुझ्या सासऱ्याचं बरोबर?" मी म्हटलं, हो. मनात शंकेचा किडा मात्र शिरलाच.

तो किडा हवालदाराने बाहेर काढला. मुलीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला बायकोबरोबर हिंदमाताला आला होता. तिला दुकानात बसवून हा जुन्या चाळीत चक्कर मारायला आला. सासरे केस कापायला गेले होते. मी चहा ठेवला. पिंपावरची पेटी बघून म्हणाला, "आता कोण खेळतं याच्याशी?"

"मी."

"अरे वा. सांभाळून हां सूनबाई, म्हातारा लय हरामी. आपण घर भरून निवांत बसावं तर नेमका आत घुसून मारतो."

"घरात?"

"मग काय रस्त्यात? घरातच मारतो. आयुष्यभर मारलंय मला."

"पण घरात मार नसतो ना?"

हवालदार चहाचा कप हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. कसलं तरी लफडं उघड झालं असं त्याला वाटलं असावं. "असेल बुवा," म्हणाला, "आमच्यात तरी नव्हतं." आणि चहा संपवून बायकोकडे पळाला.

मला राग आला. साधा नाही, कानशिलं तापली. म्हणजे नियम खेळाचा नव्हता, माझ्यासाठी होता. माझे जिंकलेले निम्मे डाव दिलेले होते. रात्री जेवणानंतर नवऱ्याला गॅलरीत नेऊन सांगितलं. तो समजूत घालायला लागला, "चांगलंच आहे ना, सांभाळून घेतायत तुला."

"सांभाळून पाहुण्याला घेतात," मी म्हटलं. "हवालदाराला मारतात, मला सोडतात. म्हणजे तो त्यांचा, आणि मी कोण?"

त्याच आठवड्यात आमच्या चाळीला रिकामी करायची नोटीस लागली. वडाळ्याच्या खोलीवाल्याचा फोन आला, घेताय की सोडताय ते संध्याकाळपर्यंत सांगा. नवरा ऑफिसला निघताना दारात थांबला. म्हणाला, "तू म्हणशील तसं." मी म्हटलं, "घेतोय म्हणून सांग." तो म्हणाला, "संध्याकाळी सांगतो," आणि गेला. बाप सोडायला निघालेल्या माणसाला तेवढा वेळ द्यायला हवाच, म्हणून मी ताणलं नाही.

दुपारी मी घरी आले तर पेटी उघडी होती आणि स्टूल सरकवलेलं होतं. शेवटचा एक डाव, असं मनात म्हणून बसले. गॅलरीतल्या निम्म्या दारांना कुलपं होती. कुणीतरी सामान बांधताना सोडलेल्या सुतळीचे तुकडे वाऱ्याने आमच्या पायापर्यंत येत होते.

डाव पहिल्यापासून माझ्या हातातून गेला. माझी एक सोंगटी त्यांनी बाहेर मारली, ती उंबऱ्यावर आली. त्यांच्या घरातल्या सहापैकी पाच पट्ट्यांवर जोड्या, दारं बंद. उरलेल्या एका, पाचव्या पट्ट्यावर त्यांची एकटी सोंगटी. मी फासे टाकले. एक फासा सहाचा, तो उपयोगाचा नाही. दुसरा पाचाचा.

रोजच्यासारखी मी पाळी सोडायला हवी होती. सासऱ्यांनी फाशांसाठी हात पुढे केलाच होता.

"पंज," मी म्हटलं. उंबऱ्यावरची सोंगटी उचलली, त्यांच्या घरात पाचव्या पट्ट्यावर आपटली आणि त्यांची एकटी उचलून मधल्या पट्टीवर ठेवली. जरा जोरातच ठेवली. आता उठून आत जातील, पेटी मिटतील, काय करायचं ते करू देत असं मला झालं होतं.

त्यांनी फासे उचलून खुळखुळवले आणि टाकले. तीन आणि एक. माझ्या घरात तिसऱ्या पट्ट्यावर माझी एकटी उभी होती, सवयीप्रमाणे, उघडी. त्यांनी त्यांची सोंगटी थेट तिच्यावर आणली. माझी उचलली, उंबऱ्यावर ठेवली, आणि तिला बोटाने एकदा नीट सरळ केलं.

"बस आता भायर, गो," म्हणाले.

मी ऐकलं ते खरंच ऐकलं का, असं मला वाटलं. मांजर कुठे दिसते का म्हणून मागे वळून पाहिलं, खरं सांगते. गॅलरीत कुणी नव्हतं.

राग मात्र अजून होता, तो एका शब्दाने जाणार नव्हता. मी विचारलं, "घरात मार नाही म्हणाला होतात."

"म्हटलंय."

"हवालदाराला तर मारायचात."

"तेका पण पयल्यांदा सांगितलेला. जहाजार तसाच होता. नवो माणूस बसलो की सांगायचा, घरात मारूचा नाय. मगे वाट बघायची."

"कसली वाट?"

"तो कधी मारता त्याची."

"आणि नाहीच मारलं तर?"

"मगे तो पावणो," सासरे म्हणाले. "पावण्याक कोण मारता? हवालदारान दुसऱ्याच डावाक मारल्यान. तू बसलंस नियम पाळीत." आणि कुंड्यांकडे न बघता, माझ्याकडे बघून म्हणाले, "लय उशीर केलंस गो."

वा रे वा. म्हणजे नियम यांनी करायचा, मोडायचा मी, आणि उशीर कोणाचा, तर माझा. यात न्याय नाही हे मला तेव्हाही कळत होतं. लग्नाला न आलेल्याने, घरात आलेल्या सुनेने पहिलं पाऊल टाकायची वाट बघत बसायचं, ही कुठल्या जहाजावरची रीत? मी हे त्यांना तोंडावर म्हटलंही. "कौलं परतायला गेलात तेव्हा मी काय करायला हवं होतं? कणकवलीला येऊन मारायला हवं होतं?"

त्यांनी फासे हातात फिरवले. "तो माजो दोष," म्हणाले. "तो ह्या पेटीतलो नाय." मग फासे माझ्यापुढे ठेवले. "टाक."

मला आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही. बाहेर बसलेली माझी सोंगटी, बंद केलेली पाच दारं, आणि समोर मला हरवायला निघालेला म्हातारा. मी टाकले. आत यायला फक्त पंज चालला असता. दोन आणि चार पडले.

"नाय इली," सासरे म्हणाले, आणि मिशीत हसले.

पुढच्या खेपेलाही नाही आली, त्याच्या पुढच्याही नाही. त्यांनी मधल्या वेळात सगळं घर आवरलं, पाचव्या पट्ट्यावरची माझी सोंगटीही मारली, आणि एकेक करून आपल्या सोंगट्या काढायला लागले. शेवटची काढून झाली तेव्हा माझ्या दोन अजून उंबऱ्यावर होत्या. त्यांनी पेटी मिटली नाही, पुन्हा मांडायला घेतली.

नवरा संध्याकाळी लवकर आला. जिना चढून धापा टाकत, हातात मोबाईल धरूनच. आम्हाला पिंपाशी बसलेलं बघून दारातच थांबला. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "कोण जिंकलं?"

"मी हरले," मी म्हटलं. "चारही डाव हरले, घरात शिरून मारलं मला. आणि वडाळ्याच्या त्या माणसाला फोन कर, खोली नको म्हणावं."